धरण किती टक्के? नाथसागर आणि गोदाकाठच्या सायकलवाटा

छत्रपती संभाजीनगरचे सायकलवाले पहाटे निघाले की बहुतेकांची हँडलं दौलताबादच्या दिशेने वळतात. किल्ल्याखालून पुढे खुलताबादचा घाट, जमलं तर वेरूळ, वर एक चहा आणि ऊन तापायच्या आत घरी. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत सायकलचं जे नवं वेड आलं, त्याची मापं घाट, अंतर आणि वेळ ही आहेत. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांचा संघ करून 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर कापायच्या ब्रेव्हेही आता सगळ्यांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जिल्ह्याचा दक्षिणेकडचा अर्धा भाग, म्हणजे पैठण, गंगापूर आणि वैजापूरची सपाट काळी जमीन, गोदावरीचा काठ आणि नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, फुगवटा, या हिशेबात कुठेच येत नाही. दोन-तीन दिवस रमतगमत सायकल चालवायला मराठवाड्यात याहून चांगला मुलूख मला माहीत नाही. तिथे कसं जायचं, केव्हा जायचं आणि कुठे अजिबात जायचं नाही, याचा हा आढावा.

आधी उताराचं गणित. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे. जायकवाडी धरण काठोकाठ भरलं की पाण्याची पातळी १५२२ फूट, म्हणजे ४६४ मीटरच्या आसपास असते. शहरापासून पैठण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. एवढ्या लांबीत शंभर मीटरची उतरण म्हणजे पायाला जाणवतही नाही. धरणाखाली गोदावरी याहूनही संथ उताराने पूर्वेला जाते. गिअर नसलेली काळी सायकल इथे सुखाने चालते आणि साठीतला माणूसही दिवसाला चाळीस किलोमीटर गप्पा मारत जाऊ शकतो.

पण या सपाटीची एक बाजू अशी आहे, जी नकाशावर बोट ठेवून सहल आखणाऱ्याच्या लक्षात येत नाही. नाथसागर ही उथळ परात आहे. पूर्ण भरल्यावर पाणी सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतं आणि साठा असतो २९०९ दशलक्ष घनमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली साडेआठ मीटरच्याही आत येते. अशा परातीत पातळी एक मीटर उतरली तरी काठ कितीतरी आत सरकतो. ऑक्टोबरात ज्या बांधाला सायकल टेकवून पाणी बघितलं, तिथून मे महिन्यात पाणी दिसतही नाही. मधल्या जागेत गहू आणि हरभरा निघून गेलेला असतो, टरबुजाचे वेल पसरलेले असतात, मेंढ्या बसलेल्या असतात. दुष्काळी वर्षी धरण मृतसाठ्यात जातं आणि फुगवट्यात बुडालेल्या गावांचे चौथरे उघडे पडतात. म्हणून 'नाथसागराची प्रदक्षिणा' असा एकच ठरलेला रस्ता आखता येत नाही, आखूही नये. इथली माणसं वर्षभर एकमेकांना जे विचारतात तेच सायकलवाल्यानेही निघण्याआधी विचारावं : धरण किती टक्के?

आता एकेका काठाबद्दल.

शहरातून निघायचा पैठण रस्ता हा सहलीतला सर्वांत वाईट तुकडा. बिडकीनपर्यंत उद्योगांची वाहतूक आहे, धूळ आहे, ट्रक आहेत. तो सायकलवर पार केलाच पाहिजे असा हट्ट धरू नये. सायकल टेम्पोत टाकून ढोरकीन किंवा पैठण गाठावं आणि तिथून सुरुवात करावी. ढोरकीन-पिंपळवाडीच्या पट्ट्यात मुख्य रस्ता सोडून पश्चिमेला वळलं की शेतरस्ते फुगवट्याकडे उतरतात. सोनेवाडीकडच्या काठावर हिवाळ्यात पक्षी बघायला शहरातली माणसं पूर्वीपासून येतात. रस्ता कुठे डांबरी, कुठे खडीचा, शेवटी नुसती बैलगाडीची चाकोरी. ही चाकोरी जिथे ओली व्हायला लागते तिथे सायकल थांबवायची.

पश्चिमेचं टोक म्हणजे कायगाव टोका. इथे प्रवरा गोदावरीला मिळते आणि पुण्याचा महामार्ग नदी ओलांडतो. महामार्गावरून बसने गेलेल्या प्रत्येकाने खिडकीतून हे पाणी पाहिलेलं असतं. पलीकडे टोक्याला पेशवेकालीन सिद्धेश्वराचं मंदिर आहे. त्याचं दगडी कोरीव काम निवांत बघायला अर्धा दिवस हवा आणि असा अर्धा दिवस फक्त सायकलवाल्याकडे असतो. महामार्गाचा पूल मात्र जपून ओलांडावा. तिथून प्रवरेच्या कडेकडेने नेवासा गाठता येतं. ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून गीतेवर निरूपण केलं असं मानतात, तो पैस खांब तिथे आहे. नेवाशाहून शेवगाव आणि शेवगावहून घोटणमार्गे पैठण, असा दक्षिणेचा वळसा घेता येतो. घोटणचं मल्लिकार्जुनाचं जुनं मंदिर वाटेवरच आहे. हा सगळा वळसा तीन दिवसांत आरामात होतो. याहून घाईने करण्यात काही अर्थ नाही.

उत्तर-पश्चिमेला वैजापूरचा भाग वेगळा. तिथे जायला रेल्वे आहे. मनमाडकडे जाणारी १९०० सालची निजामकालीन लाइन, तिच्यावरचं रोटेगाव हे वैजापूरचं स्टेशन. सायकल लगेजमध्ये बुक करून तिथे उतरलं की दक्षिणेला गोदावरीपर्यंत सरळ सपाट रान. गंगागिरी महाराजांचं सराला बेट याच नदीत. २८ फेब्रुवारी १७२८ रोजी बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडलं ते पालखेड वैजापूर तालुक्यातलंच. रसद आणि पाणी तोडून मोठ्या तोफखान्याच्या फौजेला कसं हतबल केलं, हे पुस्तकात वाचून नीट कळत नाही. उन्हात तासभर पॅडल मारत, पुढच्या गावाची टाकी कधी दिसते ते बघत गेलं की कळतं. या भागात नाशिकच्या नांदूर मधमेश्वरहून जलद कालव्याने पाणी येतं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं ते नांदूर मधमेश्वर म्हणजे महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा. जानेवारी २०२० मध्ये तिला हा दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं.

धरणाच्या खालचा काठ मला सर्वांत आवडतो. फुगवटा सरकतो, पण खालची नदी जागा सोडत नाही. पैठणला संत एकनाथांचा वाडा, नाग घाट, पैठणीचे माग बघून पूर्वेला निघालं की थोड्या वेळात आपेगाव, ज्ञानेश्वरांचं जन्मगाव. तिथे गोदावरीवर उच्च पातळी बंधारा आहे, पुढे हिरडपुरीला दुसरा. या बंधाऱ्यांमुळे दिवाळीनंतरही नदीत पाणी उभं राहतं आणि दोन्ही काठ ऊस-मोसंबीने हिरवे असतात. आणखी पुढे शहागड. पलीकडे बीड जिल्ह्यातलं राक्षसभुवन, जिथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. संत, लढाया, बंधारे, बागा असा हा पट्टा आहे आणि मुक्कामाला एखाद्या मठात किंवा भक्तनिवासात सतरंजी मिळते. पायी दिंड्यांना सांभाळायची सवय असलेली ही गावं सायकलवाल्याला परकं मानत नाहीत. पाणी विचारलं की चहा येतो.

आणि कालवा. काठ सरकतो म्हणून ठरलेला रस्ता आखता येत नाही, या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते तिथेच आहे. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. तो पैठण, अंबड, घनसावंगी करत परभणीकडे जातो. उजवा १३२ किलोमीटरचा, गेवराई करत माजलगावकडे. कालवा पाण्याला चढ चढवू शकत नाही, म्हणून तो जमिनीच्या समपातळीची रेषा धरून वळत जातो आणि त्याच्या भरावावरचा देखभालीचा रस्ताही तसाच वळत जातो. चढ नाही, उतार नाही, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शेतं. आवर्तन चालू असलं की भरावावर हवेतही गारवा असतो. खंड्या कालव्याच्या तारेवरून तारेवर पुढे सरकतो आणि बराच वेळ आपल्या सोबत राहतो. चाऱ्यांची दारं, मोऱ्या, किलोमीटरचे दगड, सगळं बांधून तयार आहे.

युरोपात डॅन्यूब नदीकाठचा पसाऊ ते व्हिएन्ना हा तीनशेवर किलोमीटरचा मार्ग सायकल-सहलींसाठी जगभर प्रसिद्ध आहे. त्याचा मोठा भाग म्हणजे पूर्वी घोडे जिथून नावा ओढत नेत त्या जुन्या वाटा. कुणी नवा रस्ता बांधला नाही. पाण्याच्या कामासाठी असलेली वाट दुरुस्त केली, पाट्या लावल्या आणि गावांनी खोल्या उघडल्या. नेदरलँड्स-बेल्जियममध्ये तर चौकाचौकाला नुसते आकडे दिलेत. कागदावर चार आकडे लिहून घ्यायचे आणि निघायचं. आपल्याकडे कालव्याचा रस्ता जलसंपदा खात्याच्या मालकीचा. त्यावर कुठे फाटक, कुठे भराव खचलेला, कुठे वेड्या बाभळीने वाट इतकी आवळलेली की हँडल निघत नाही. परवानगी कुणाकडे मागायची हे गावातल्या कुणाला सांगता येत नाही. आज सायकलवाला तिथे पाटकऱ्याच्या चांगुलपणावर जातो. हे बरं नाही. कालवा वाहता असताना काँक्रीटचा उतार शेवाळाने बुळबुळीत असतो. त्यात पडलेला माणूस पोहणारा असला तरी बाहेर येणं अवघड. म्हणून रस्ता खुला करायचा तर ठरावीक तुकडा, ठरावीक महिने आणि जागोजागी धरायला साखळ्या, अशाच रीतीने करावा.

पक्ष्यांचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या सहलीचं निम्मं सुख त्यांच्यात आहे आणि आपल्यापासून निम्मा धोकाही त्यांनाच आहे. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. हिवाळ्यात इथे चक्रवाक, तलवार बदक, थापट्या यांचे थवे उतरतात. रोहित येतात, कांड्या करकोचे येतात. चित्रबलाक, शराटी आणि शेकाटे तर असतातच. हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. हे हंस रात्री-पहाटे काठालगतच्या कोवळ्या हिरवळीवर चरतात आणि दिवसा पाण्याच्या कडेला एका पायावर उभे राहतात. सायकल आवाज करत नाही, म्हणून ती निरुपद्रवी आहे असं आपण धरून चालतो. एकदा थांबून नीट बघा. पहिल्यांदा कडेचा एक हंस चरायचं थांबवून मान ताठ करतो. मग दोन-चार माना वर येतात. मग सगळा थवा तोंडं एका दिशेला करून पाण्याकडे चालू लागतो. इथवर आपण थांबलो तर ते पुन्हा खाली माना घालतात. आणखी दहा पावलं टाकली की तो थवा उडतो आणि त्याच्यासोबत शेजारची बदकंही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला दिवसातून चार वेळा असं उठवलं तर त्याने चरायचं केव्हा? म्हणून माझा नियम साधा आहे : पहिली मान वर आली की सायकल थांबवायची, दुर्बीण काढायची, पुढे जायचं नाही. काठावर अंडी घालणारी टिटवी आणि नदी सुरय यांच्यासाठी उन्हाळ्यातली उघडी वाळू आणि बेटं पूर्ण टाळावीत.

या काठावर एकटे आपणच नाही. पाणी सरकलं की मागे राहिलेल्या ओलाव्यावर गाळपेर होते. ती शेती बऱ्याचदा त्यांचीच, ज्यांची जमीन धरणात गेली. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरण लोकार्पण झालं. त्यात शंभराहून अधिक गावं उठली. जुने कायगाव, नवे कायगाव अशी नावं त्यातूनच आली. आपण ज्या सपाट रम्य पाण्याकडे बघत डबा उघडतो, त्याच्या तळाशी कुणाचं तरी घर आहे हे धरणग्रस्त गावातला म्हातारा माणूस बोट दाखवून सांगतो तेव्हा तिथे बसायची रीतच बदलते. त्याच्या उभ्या हरभऱ्यातून सायकल घालू नये, मोटारींच्या पाइपांवरून चाक नेऊ नये, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. मासेमारांचंही तेच. पहाटे जाळी काढून तराफ्यावरून येणाऱ्या माणसाला पाण्याची आणि पाखरांची जेवढी खबर असते तेवढी कुणालाच नसते. नाथसागरावरच्या नियोजित तरंगत्या सौर प्रकल्पाविरुद्ध इथल्याच मासेमार समाजाची संघटना न्यायालयात गेली होती. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका ऐकायला नकार दिला. नाथसागराचं पुढे काय होणार या चर्चेत सायकलवर येणारे पाहुणेही आता साक्षीदार असायला हवेत.

हंगामाबद्दल दुमत नसावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात या काळ्या मातीवर सायकल चालतच नाही. शंभर फुटांत चिखल चाक आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसतो, चाक फिरायचं थांबतं आणि काडीने माती उकरत बसावं लागतं. शिवाय पश्चिमेचा वारा तोंडावर. वरून नाशिक-अहिल्यानगरकडचं पाणी आलं की दरवाजे उघडतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये पैठण शहरात पाणी शिरलं होतं. गोदाकाठच्या गावांत तो महिना अजून बोलण्यात येतो. मार्चनंतर ऊन. मात्र हिवाळ्यातच ऊसतोडीही जोरात असते. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर समोरून आला तर आपण उतरून साइडपट्टीखाली उभं राहायचं. मागची ट्रॉली वळणावर किती आत कापते ते चालकालाही दिसत नाही. रात्री सायकल अजिबात नको. नदीकडच्या रस्त्यांवर वाळूचे हायवा रात्रीच धावतात.

सायकल साधी चालेल, टायर मात्र रुंद हवेत. इथला खरा शत्रू काटा. बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा दिसतो तरी. सराटा दिसत नाही. पाऊस संपला की वाटेच्या कडेने जमिनीला चिकटून पसरलेली, पिवळ्या बारीक फुलांची ही वनस्पती. तिचं फळ सुकलं की त्याचे टणक तुकडे होतात आणि कसेही पडले तरी एक टोक वरच राहतं. चाकोरी सोडून दोन मिनिटं बाजूला सायकल उभी केली की टायरमध्ये पाच-सहा रुतलेले सापडतात. रुतलेला सराटा लगेच ओढू नये. आधी सावली आणि पाणी बघावं, मग चाक खोलावं, कारण काटा निघाला की हवाही निघते. ट्यूब बुडवायला पाणी नसेल तर ट्यूब ओठांजवळ धरावी, हवा कुठून येते ते कळतं. दोन जादा ट्यूब, ठिगळं, सोल्युशन आणि पंप एवढं सामान न चुकता हवं. मोठ्या गावात पंक्चरचं दुकान मिळतं, पण ते मोटारसायकलींचं. सव्वीस इंची ट्यूब ठेवणारं दुकान थेट पैठण किंवा शेवगावलाच सापडेल असं समजून निघावं.

या वाटांवर आजही रोज सायकल चालते, हे शहरातून येणाऱ्याने विसरू नये. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. वस्तीवरून शाळेच्या गावी जाणाऱ्या मुलींच्या रांगा सकाळी दहाच्या आसपास या रस्त्यांवर दिसतात. कुठला पूल अरुंद आहे, कुठल्या वस्तीवरचं कुत्रं मागे लागतं, कुठे पावसात वाट तुटते, हे त्या पोरींना पाठ असतं. मार्ग आखायचाच असेल तर आधी त्यांना विचारावं. साइडपट्टी रुंद झाली तर आपल्याला वर्षातून दोनदा उपयोग, त्यांना रोज.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात प्रवेशद्वारावरच भाड्याने सायकल मिळते आणि सायकलरिक्षा चालवणारी स्थानिक माणसंच पक्ष्यांची ओळख करून देतात. त्यावर कितीतरी घरं चालतात आणि आत मोटारींचा धुरळा उडत नाही. पैठणला हे का होऊ नये? धरण आहे, अभयारण्य आहे, संत ज्ञानेश्वर उद्यान आहे, नाथषष्ठीला लाखो माणसं येतात. पक्षी ओळखणारे मासेमार आहेत. अडचण एवढीच की कालवा एका खात्याचा, पाणथळ दुसऱ्याचा, रस्ता तिसऱ्याचा आणि माणसं कुणाचीच नाहीत.

सुरुवात लहान असावी. पैठणपासून डाव्या कालव्याचा वीस-पंचवीस किलोमीटरचा तुकडा आणि परतीला आपेगावचा नदीकाठचा रस्ता, एवढाच फेरा घ्यावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदय ते सूर्यास्त. वेड्या बाभळीची छाटणी, खचलेल्या भरावाची दुरुस्ती, मोऱ्यांना कठडे, उतारावर साखळ्या. पैठणच्या बसस्थानकाजवळ भाड्याच्या काळ्या सायकली आणि पंक्चर काढणारा एक माणूस. फुगवट्याकडे जायचं तर सोबत एक मासेमार वाटाड्या, त्याची मजुरी ठरलेली. आणि सायकली जिथे मिळतात तिथल्या फळ्यावर रोज सकाळी खडूने लिहिलेल्या दोन गोष्टी : धरण किती टक्के, आणि त्यानुसार आज कुठला काठ बंद.